डावा कौल

अध्यात्मावर लिहायला निघालोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. माझ्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही. संस्कृत मला येत नाही, बायबल मी वाचलं ते ग्रंथालयात बसून, मराठीतून आणि तेही अर्धंच. मला कोणी गुरू नाही. ध्यानाला बसलो की झोप येते. तरीही लिहितोय, कारण याच विषयावर मी एकदा लिहिलेलं आहे, त्याला चांगले गुण मिळालेले आहेत, आणि ते वाचताना आता लाज वाटते. त्यात काही खोटं नव्हतं. सगळं पुस्तकांतून नीट उतरवलेलं होतं. फक्त त्यात कोणाला झोपायला जागा लागत नव्हती.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आम्हाला तत्त्वज्ञानाचा प्रकल्प होता. मी विषय घेतला, हिंदू आणि ख्रिस्ती अध्यात्माची तुलना. सरांना विषय आवडला. कॉलेज गिरगावाच्या बाजूला, आणि मी राहायचो घोडपदेवला, आमच्या गावाच्या खोलीत. अजूनही तिथेच राहतो.

गावाची खोली म्हणजे काय ते सांगायला हवं. गिरण्या चालू होत्या तेव्हा आमच्या कोकणातल्या गावाने वर्गणी काढून चाळीत एक खोली घेतली. गावातून कोणी पुरुष मुंबईला नोकरीला आला की पहिला मुक्काम तिथे. कोणाचाही पलंग नाही. प्रत्येकाला भिंतीतली एक खुंटी, माळ्यावर ट्रंकेपुरती जागा आणि खाली चटई पसरायचा हक्क. गिरण्या गेल्या, खोली राहिली. आता तिथे सिक्युरिटीवाले आहेत, हॉस्पिटलातले वॉर्डबॉय आहेत, मॉलमध्ये माल लावणारा एकजण आहे आणि मी आहे. समोरच्या भिंतीवर ग्रामदेवतेचा मोठा फोटो; देवीच ती, पण बोलताना सगळे ‘देव’च म्हणतात. मी खोलीत आलो त्या सुमाराला गावी देवळाच्या जीर्णोद्धाराचं काम निघालं होतं आणि फोटोखालच्या खिळ्याला वर्गणीचं पावतीपुस्तक लटकत असायचं. मीही एक पावती फाडली होती. कॉलेजच्या वर्षांत माझं गावी जाणं झालं नाही, त्यामुळे देवळाचं काम चाललंय, एवढंच मला ठाऊक होतं.

माझा मित्र आमच्याच गावचा. ख्रिस्ती. त्यांची वाडी खाडीच्या पलीकडे, म्हणून गावात त्यांना ‘पल्याडले’ म्हणतात. आम्ही एका शाळेत एका बाकावर बसलो, बारावी झाल्यावर एकाच एसटीने मुंबईला आलो आणि एकाच कॉलेजात गेलो. त्याने कॉमर्स घेतलं, मी आर्ट्‌स. त्याच्या घरातही कॉलेजला जाणारा तो पहिलाच.

लहानपणी संध्याकाळी मी त्यांच्या घरी असलो की त्याची आजी मलाही माळेच्या प्रार्थनेला बसवायची. सगळे गुडघे टेकून, डोळे मिटून, अगदी हळू आवाजात. मला त्यातला शब्द कळायचा नाही, पण प्रत्येकजण आपापल्या आत कुठेतरी गेला आहे असं वाटायचं. आमच्याकडे उलट. आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस देवासमोर उभा राहून मोठ्याने बोलतो, अगदी गावच्या मोठ्या माणसापुढे तक्रार मांडावी तसं, आणि प्रत्येक वाक्यावर बाकीचे सगळे एका आवाजात म्हणतात, “व्हय म्हाराजा!” डोळे मिटत नाहीत, गुडघे टेकत नाहीत. आपण एकटे नाही, हेच त्यात मोठं असतं. हे दोन्ही मला आवडायचं. प्रकल्पात मी यातलं काहीच लिहिलं नाही, कारण ते कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

आणखी एक गोष्ट होती. दर वर्षी ग्रामदेवतेच्या जत्रेला पल्याडल्या वाडीतून एक नारळ यायचा. मानकऱ्यांचे नारळ झाले की गुरव हाक मारायचा, आणि माझ्या मित्राची आजी डोक्यावरचा पदर सावरत, पायरीच्या खाली उभी राहून नारळ द्यायची. त्यांच्या पूर्वजांनी कधीकाळी खाडीचा बांध राखला, खारं पाणी गावाच्या शेतात येऊ दिलं नाही, म्हणून हा मान. धर्म बदलला तेव्हा बांध बदलला नाही, असं आजी म्हणायची.

तर तिसऱ्या वर्षी, पावसाळा संपल्यावर, मित्राची राहायची जागा गेली. तो माझगावला एका लांबच्या काकांकडे राहायचा. ती इमारत पुनर्विकासाला गेली, काका वसईच्या पुढे एका खोलीत गेले, आणि तिथे त्यांचीच माणसं मावत नव्हती. वर्ष शेवटचं होतं. त्याला उन्हाळ्यापर्यंत रात्रीपुरती एक जागा हवी होती. परीक्षेला बसता आलं तर डिग्री, नाही तर गावी परत. एवढंच होतं सगळं.

आधी तो भायखळ्याच्या बाजूच्या एका ख्रिस्ती वसतिगृहात गेला. तिथल्या फादरांनी गावच्या चर्चमधून पत्र आणायला सांगितलं. गावचे फादर नवीन आलेले होते. त्यांनी फोनवरच त्याला विचारलं, तुमच्या घरातून देवळात नारळ जातो तो कशासाठी? मग म्हणाले, आधी ये, पापकबुली दे, यापुढे घरातून असं होणार नाही असं सांग, मी लगेच पत्र देतो.

त्याने मला हे सांगितलं तेव्हा आम्ही कॉलेजच्या जिन्यात वडापाव खात होतो.

“मग दे की कबुली,” मी म्हटलं. “दोन मिनिटांचं काम.”

“कबुलीची माझी हरकत नाय रे. माझी पापां भरपूर आसत. तुका तर म्हायतच आसा.” तो हसला. मग म्हणाला, “पण ह्यां पाप माझां न्हय. आजयेच्या हातातल्या नारळाक मी पाप कसां म्हणू? ती अजून जिती आसा.”

“मनात नको म्हणूस. नुसतं तोंडाने म्हण.”

“तुमच्याकडे चालता तसां. आमच्यात तोंडान म्हटलां की झालां म्हटलां.”

मला तेव्हा थोडा रागच आला होता. तुमच्याकडे म्हणजे काय? पण त्याला जागा हवी होती आणि माझ्या डोक्यात खोली होती.

खोलीचे अध्यक्ष, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, ते एका बँकेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले. माझ्यावर त्यांची माया होती, कारण मी शिकत होतो. रविवारी सगळे असतात तेव्हा मी विषय काढला. सांगितलं की मुलगा गावचाच आहे, तुम्ही सगळे त्याच्या बापाला ओळखता, उन्हाळ्यापर्यंतचा प्रश्न आहे, माझ्या खुंटीवर त्याचे कपडे राहतील, माझ्याच चटईवर झोपेल.

खोलीतले एक म्हातारे कोपऱ्यातून म्हणाले, “त्येचो आजो हयच ऱ्हवलेलो. गिरणीत माझ्या बापाशीच्या खात्यात होतो.”

“ती गोष्ट येगळी,” कोणीतरी म्हणालं.

“येगळी म्हणजे काय?”

“तेव्हा आपण अडाणी होतंव.”

सगळे हसले. मग मॉलमध्ये काम करणारा म्हणाला, “तो फोटोसमोर मेणबत्ती लावतलो.”

“लावूंदे मरे. लाईट गेली की कामाक येतली.”

“हसा नको. आज एक येतलो, उद्या सगळी वाडी चटई घेवन दारात.”

“आणि खाणा-पिणा?”

“आपण मोठे शाकाहारी लागून गेलंव! परवा बुधवारी सुक्या बांगड्याच्या वासान शेजारीण भांडाक इली, ती इसारलास?”

मला वाटलं, हसतायत म्हणजे जमतंय. हे माझं नेहमीचं आहे, माणसं हसली की मला ती आपली वाटतात. मग भाऊ म्हणाले, “आपण कोण ठरवणारे? देवाची खोली, देवाक विचारूया. मी गुरवाक फोन करतंय, कौल लाव म्हणान.”

एकदम सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले. मला ते आठवतं. पंखा चालू करावा तसं खोलीत वाटलं. कौल म्हणजे आमच्या गावी देवाच्या पाषाणाला उजव्या-डाव्या बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात, देवाला प्रश्न सांगतात आणि वाट बघतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार. डावी पडली तर नकार. लग्न, बोअरवेल, कोर्टातली केस, सगळं असंच ठरतं. मीही खूश झालो होतो. खरं सांगतो, माझा विश्वास होता. त्या देवीने दर वर्षी त्याच्या आजीचा नारळ घेतला होता. ती नाही कशाला म्हणेल?

पुढच्या रविवारी भाऊ चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, “गावाक फोन झालो. डावो पडलो.” आणि माझ्याकडे न बघता, “माझ्या हातात असता तर मी आजच ये म्हटलां असता.”

कोणी काही विचारलं नाही. मीही नाही. देवाला उलट काय विचारणार?

तरी मी अजून एक प्रयत्न केला. एकटाच वसतिगृहाच्या फादरांकडे गेलो. मित्राला सांगितलं नव्हतं. फादर फार चांगले बोलले. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध होतं. मला पाणी दिलं, प्रकल्पाबद्दल विचारलं, दोन पुस्तकंही सुचवली.

“तुझ्या मित्रावर कोणी रागावलेलं नाही, बाळ,” ते म्हणाले. “दार उघडंच आहे.”

“मग त्याला आत घ्या ना, फादर.”

“आत येताना माणसाने एक काहीतरी निवडायचं असतं. तुमच्यात सगळंच चालतं. ही देवी, तो देव, दर्गा, आमच्या माउंटच्या जत्रेलाही तुम्ही येता. चांगलं आहे, मोठं मन आहे. पण त्यामुळे कोणालाच काही सोडावं लागत नाही. आमच्याकडे सोडावं लागतं.”

“म्हणजे नारळ बाहेर ठेवायचा.”

ते हसले. “तू हुशार आहेस.”

उत्तर मला परत येताना भायखळ्याच्या पुलाखाली सुचलं. आमच्यात सगळं चालतं, हे वाक्य माझ्या प्रकल्पातही होतं, जरा जड शब्दांत. आणि मी ज्या खोलीत झोपायला चाललो होतो तिथे एक चटई चालली नव्हती. ख्रिस्ती माणूस क्षमा करतो, हेही माझ्या प्रकल्पात होतं. इथे क्षमा तयार ठेवलेली होती, टेबलावर, शिक्का मारायच्या पत्रासारखी. फक्त घेणाऱ्याने आपल्या आजीला आधी गुन्हेगार म्हणायचं होतं.

तेव्हापासून मी या दोन धर्मांकडे असं बघतो, आणि चुकत असेन तर जाणत्यांनी सांभाळून घ्यावं. आमच्याकडे प्रश्न सगळ्यांनी मिळून वर पाठवायचा आणि उत्तर खाली येतं तेव्हा त्यावर कोणाच्याच बोटाचा ठसा नसतो. नाही म्हणणारा माणूस शोधून सापडत नाही. सगळे हळहळतात. त्यांच्याकडे सगळं एकाच माणसाच्या छातीवर आणून ठेवतात आणि म्हणतात, आता हे तुझं आहे, तूच उचल. दोन्ही रस्ते फार जुने आहेत, दोन्हींवरून मोठी माणसं गेली असतील. माझा मित्र दोन्हीकडून चालत गेला आणि दोन्हीकडे रात्री बाहेर राहिला.

त्याला कौलाचं मीच सांगितलं, ग्रंथालयाबाहेरच्या पाण्याच्या कूलरपाशी. तो बाटली भरत होता.

“देवाक विचारल्यानी?” त्याने बाटलीवरून वर बघितलं. “माझ्यासाठी?”

“हो. भाऊंनी गुरवाला फोन केला होता. डावा पडला.”

तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग इतका हसला की आतून ग्रंथपाल बाई बाहेर आल्या. “बरां,” तो म्हणाला. “देवाक सांग, तुमका उगाच त्रास दिलंय.”

मला वाटलं तो देवीची थट्टा करतोय. मला ते लागलं. मी म्हटलं, “तुझ्या आजीचीही ती देवी आहे.” त्यावर त्याने माझ्या खांद्यावर ओला हात ठेवला.

त्यानंतर खोलीत सत्यनारायण होता. दर वर्षी होतो. पूजा झाल्यावर भाऊंनी टोपी घालून फोटोसमोर गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा म्हाराजा! आज तुझ्या लेकरांनी जी काय मोडकी-तोडकी सेवा केल्यानी, ती गोड मानून घे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आल्याडल्या घरांक, पल्याडल्या घरांक, सगळ्यांका एका मायेखाली ठेव म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

हे वाक्य दर वर्षी असतंच. भाऊंनी ते मुद्दाम घातलं नव्हतं की मुद्दाम वगळलंही नव्हतं. पाठ होतं, आलं. मी त्या वेळी तोंड उघडलं नाही. माझ्या न बोलण्याने काही फरक पडला नाही. आवाज तेवढाच मोठा झाला, आणि मग प्रसादाचे द्रोण फिरले.

मित्र काही दिवस फणसवाडीतल्या एका केटररच्या गोदामात झोपला, भांड्यांच्या शेजारी. तिथून सकाळी त्यांच्याच टेम्पोतून लग्नाच्या हॉलवर जायचा, वाढायला. लेक्चर बुडायला लागली. मी नोट्‌स नेऊन द्यायचो. त्या तशाच पिशवीत राहायच्या, वर हळदीचा वास. शिमग्याला गावी गेला तो परत आला नाही. परीक्षेच्या दिवसांत मी त्याला फोन केला, तर म्हणाला गोव्यात एका हॉटेलच्या किचनमध्ये लागलोय, इथे झोपायला बंक आहे, वरचा. वरच्या बंकचं त्याला कौतुक वाटत होतं की मला ऐकवत होता, कळलं नाही. आता कधीतरी सणाला मेसेज येतो. दिवाळीला पणती पाठवतो, मी नाताळला तारा पाठवतो. आमचा सर्वधर्मसमभाव एवढा उरला आहे.

प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या बाईंनी विचारलं होतं, “यात तुझा स्वतःचा काही अनुभव आहे का?” मी म्हटलं, “नाही, मॅडम.” त्या म्हणाल्या, असू दे, मांडणी समतोल आहे.

उन्हाळ्यात खोलीतली एक खुंटी रिकामी झाली. तिथे भाऊंच्या बहिणीचा मुलगा आला. तो आमच्या गावचा नाही, राजापुराकडचा आहे. चांगला मुलगा आहे, माझ्या बाजूलाच झोपतो, झोपेत बोलतो. त्याच्यासाठी कोणी कौल लावला नाही. मी भाऊंना विचारलं, तर म्हणाले, “घरातल्या पोराक काय कौल लावतंत?”

मी एम.ए.ला गेलो. त्याच खोलीत राहून. हे लिहितोय तेही त्याच फोटोखाली बसून. मला दुसरीकडे जागा परवडत नाही, आणि परवडली असती तर गेलो असतो असंही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. एवढी वर्षं मी भाऊंवर, खोलीतल्या माणसांवर मनातून चिडत होतो, पण देवीवर चिडायची हिंमत होत नव्हती. वाटायचं, तिला काहीतरी दिसलं असेल. आपल्याला कळत नसेल. कौल चुकत नाही, असं मी लहानपणापासून ऐकलं आहे. रात्री दिवा मालवायच्या आधी नजर फोटोकडे जायची तेव्हा मी विचारायचो, का? अध्यात्म म्हणून माझ्याकडे जे काही आहे ते एवढंच, तो एक शब्द.

परवा आईचा फोन आला. आवाज एकदम आनंदी. देवळाचं काम पुरं झालं, कळस चढला, होमहवन झालं, गाव जेवला. “आणि आता कौल परत सुरू झालो,” ती म्हणाली. “लोकांची ही रांग लागली हा. इतके दिवस सगळी कामां अडान ऱ्हवलेली.”

“सुरू झाला म्हणजे? बंद होता?”

“मगे? काम निघाला तेव्हा पाषाण हलयल्यानी. देव बसाक नाय तवसर कौल खयचो? एवढा शिकलस आणि ह्यां म्हायत नाय?”

मी विचारलं, मी तिसऱ्या वर्षाला होतो तेव्हाही बंद होता का? जत्रेनंतर, सत्यनारायणाच्या आधी?

“तेव्हा तर देवळाक छप्परसुद्धा नाय होता,” आई म्हणाली. “गुरव मुलीकडे पुण्याक जावन ऱ्हवलेलो. अख्ख्या गावाक ठावक हा. पल्याडली म्हातारी त्या वर्षी पण नारळ घेवन इलेली, तिका वाटेतसूनच परत धाडल्यानी, देव बसल्यार घेवन ये म्हणान.”